'मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो'

आमचे साताऱ्याचे मामा मेंढीकोटात पक्के. कुठला हुकूम कुणी टाकला, दश्श्या किती बाहेर पडल्या, बदामाची राणी कुणाकडे अडकून बसलीय, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. तीन वर्षांपूर्वी गणपतीत आम्ही खेळायला बसलो आणि मामांनी स्वतःच्या भिडूच्याच हातावर हुकूम मारला. वर विचारलं, "उतारी कुणाची?" उतारी त्यांचीच होती.

सगळे हसले. मग कुणीतरी हळूच म्हणालं, आता वय झालं मामांचं. मामी आतून म्हणाली, "वय कसलं? पत्ते हातात धरून झोपतात हे." त्यावर मामांचं ठरलेलं उत्तर आलं : "मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो."

हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी म्हणतंच. मलाही ती निव्वळ थाप वाटायची. पण दिवसा येणाऱ्या झोपेबद्दल वाचायला लागल्यावर लक्षात आलं की मामा खोटं बोलत नव्हते. ते चुकत होते, आणि आपण चुकतोय हे कळण्याची सोयच त्या वेळी त्यांच्या मेंदूत उरलेली नव्हती.

आधी एक घोळ निस्तरू. दवाखान्यात आपण सरसकट 'थकवा येतो' असं सांगतो. पण थकवा वेगळा आणि झोप वेगळी. थकलेला माणूस आडवा होतो, पाय दुखतात म्हणतो, पण तासभर तसाच छताकडे बघत पडू शकतो. झोपाळलेला माणूस खुर्चीत बसल्या बसल्या, हातात कप असताना झोपतो. मराठीत या दुसऱ्या प्रकाराला चिकार शब्द आहेत : पेंग, डुलकी, झापड, गुंगी. मरगळ आणि ग्लानी मात्र पहिल्या गोटातल्या. डॉक्टरांना सांगताना नेमका शब्द वापरला तर तपासणीची दिशाच बदलते.

झोपाळूपणा मोजायची एक साधी प्रश्नावली आहे. मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातल्या मरी जॉन्स या डॉक्टरांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात आठ प्रसंग दिलेत. बसून वाचताना, टीव्ही बघताना, सभेत नुसतं बसलेलं असताना, तासभर गाडीत मागे बसून जाताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलत बसल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर आणि रहदारीत गाडी दोन मिनिटं थांबली असताना तुम्हाला डुलकी लागण्याची शक्यता किती, ते सांगायचं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस. दहाच्या वर गेलात तर दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात. मामांनी स्वतःला सहा गुण दिले. मामीने त्यांच्या वतीने तोच कागद भरला, बेरीज सतरा.

कुणाचं बरोबर, ते पुढे येईलच.

झोप येते म्हणजे काय होतं

आपण जागे झाल्या क्षणापासून मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं. पेशींनी ऊर्जा खर्च केली की ते उरतं. जितका वेळ जागे, तितकं जास्त ॲडिनोसिन आणि तितका झोपेचा रेटा मोठा. झोपलं की ते उतरतं. याच्या जोडीला मेंदूत एक दिवसाचं घड्याळ असतं, ते ॲडिनोसिनकडे न बघता स्वतःच्या तालावर जागं राहण्याचा जोर कमीजास्त करतं. झोपेचा रेटा आणि घड्याळाचा ताल अशा दोन गोष्टींचं हे गणित १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली यांनी मांडलं आणि झोपेच्या अभ्यासात ते आजही पायाभूत मानतात.

दुपारी एक ते चारमध्ये हा ताल थोडा ढिला पडतो. तेव्हाची पेंग ही केवळ श्रीखंड-पुरीची करणी नाही. उपाशी राहिलं तरी ती येते, पोटभर जेवलं तर जास्त जाणवते एवढंच. वामकुक्षीची थट्टा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. (दुकानाच्या दारावरच्या 'एक ते चार बंद' या पाटीला मात्र मी यातून शास्त्राधार देत नाहीये.)

चहा-कॉफीचं म्हणाल तर कॅफिन ॲडिनोसिनला कमी करत नाही. एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं ते ॲडिनोसिनच्या खुर्चीवर रुमाल टाकून बसतं. ॲडिनोसिन दारातच ताटकळतं, पण गाडीतून उतरत नाही. निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. एकेक रुमाल उचलला गेला की उभे असलेले सगळे एकदम बसतात.

हे झालं झोपेकडे ओढणारं बळ. जागं धरून ठेवणारी यंत्रणा वेगळी आहे. १९१७ मध्ये व्हिएन्नात कॉन्स्टंटिन फॉन इकॉनोमो या डॉक्टरांनी मेंदूला सूज आणणाऱ्या एका विचित्र साथीचं वर्णन केलं. त्यातले कित्येक रुग्ण दिवसचे दिवस झोपून असायचे. काही उलट, त्यांना झोपच लागेना. मृतांचे मेंदू तपासल्यावर त्यांना दिसलं की खूप झोपणाऱ्यांत हायपोथॅलॅमसचा मागचा भाग बिघडलेला होता, तर न झोपणाऱ्यांत पुढचा. मेंदूच्या तळाशी असलेला हा छोटासा भाग झोप-जागेचा खटका चालवतो, हा अंदाज तिथून पक्का होत गेला. १९९८ मध्ये त्याच परिसरात ओरेक्सिन नावाचं रसायन सापडलं. ते खटक्यावर बोट दाबून धरतं, तो अधूनमधून आपोआप खाली पडू देत नाही. नार्कोलेप्सी या आजाराच्या एका प्रकारात नेमक्या ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. मग बोलता बोलता झोप लागते, किंवा मोठ्याने हसताना गुडघ्यातलं बळ जाऊन माणूस खाली बसतो. अशा मुलांना शाळेत आळशी ठरवलं जातं, आणि निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षं जातात.

व्होल्टेज कमी नसतं, लाइट जाते-येते

मला सगळ्यात चकित केलं ते एका कंटाळवाण्या चाचणीने. डेव्हिड डिंजेस आणि जॉन पॉवेल यांनी ती १९८५ मध्ये मांडली. समोर रिकामी चौकट. दोन ते दहा सेकंदांत कधीही तिच्यात आकडे धावू लागतात. दिसले की बटण दाबायचं. आकडे थांबतात, किती सहस्रांश सेकंद लागले ते कळतं. पुन्हा रिकामी चौकट. असं दहा मिनिटं. बास.

पुरेसं झोपलेला माणूस साधारण पाव सेकंदात बटण दाबतो. अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला तर तो 'निसटलेला क्षण' धरतात. मला वाटायचं झोपाळलेला माणूस सगळीकडेच थोडा थोडा हळू होत असेल, जुन्या मोबाइलसारखा. तसं होत नाही. त्याचे बरेचसे प्रतिसाद जवळजवळ ताज्या माणसाइतकेच झटपट असतात. मग मध्येच एकदा आकडे धावतायत, धावतायत आणि समोरचा नुसता बघतोय. एक सेकंद, दोन सेकंद, कधी त्याहून जास्त. मग दचकून बटण दाबतो. त्यापुढे काही वेळ आकडे नसतानाच घाईघाईने दाबत राहतो, कारण आता तो स्वतःला ओढून जागं ठेवतोय. जसजशी दहा मिनिटं सरत जातात तसतसे हे निसटलेले क्षण वाढतात.

म्हणजे हा कमी व्होल्टेजचा प्रकार नव्हे. गावात लाइट जाते-येते तसला आहे. म्हणूनच 'मी तर व्यवस्थित काम करतोय' हे झोपाळलेल्या माणसाला मनापासून वाटतं. बहुतेक वेळ तो खरंच व्यवस्थित काम करत असतो.

मग त्या क्षणी मेंदूत काय होतं? डोक्याला तारा लावून मेंदूतले विजेचे तरंग टिपणारी ईईजीची पद्धत जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी शोधली. माणसाच्या मेंदूची पहिली नोंद त्यांनी १९२४ मध्ये घेतली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. जागं राहून काम करताना हे तरंग बारीक आणि जलद असतात. डोळे मिटून स्वस्थ बसलं की सेकंदाला आठ ते तेरा अशी अल्फा लय दिसते. पेंग यायला लागली की अल्फा विरते, सेकंदाला चार ते सातच्या थीटा लहरी येतात आणि बुबुळं पापणीआड संथ डोलायला लागतात. हीच झोपेची पहिली पायरी. या पायरीवरून माणसाला उठवून विचारलं तर पुष्कळ जण ठामपणे सांगतात, मी जागाच होतो. कानावर पडलेला शेवटचा शब्दही कधी कधी सांगतात. मामांचं 'ऐकत होतो' इथलं.

पण भिडूच्या हातावर हुकूम मारताना मामांचे डोळे तर उघडे होते. तिथे ही पायरीही पुरत नाही. त्याचं उत्तर २०११ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका प्रयोगात आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात व्लादिस्लाव व्याझोव्स्की, जुलिओ तोनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना नवनव्या वस्तू देऊन त्यांच्या झोपेच्या वेळी जागं ठेवलं. उंदरांचे डोळे उघडे, हालचाल चालू, ईईजीही जागेपणाचा. पण मेंदूत खोल रोवलेल्या बारीक तारांना वेगळंच ऐकू आलं. पेशींचे छोटे छोटे गट क्षणार्धासाठी पूर्ण गप्प होत होते, गाढ झोपेत होतात तसे. एक गट इथे, थोड्या वेळाने दुसरा तिथे. उंदरांना पंजा पुढे करून साखरेची गोळी उचलायला शिकवलं होतं. पंजा हलवणाऱ्या भागातले पेशीगट नेमके त्याआधी गप्प झाले असतील, तर गोळी हुकण्याचं प्रमाण वाढायचं.

गावाला वीज आहे, रस्त्यावरचे दिवे लागलेत, फक्त एका आळीचा फ्यूज उडालाय. आणि नेमकं त्याच आळीत काम आहे.

माणसात असं बघायचं तर मेंदूत तारा घालाव्या लागतील, आणि ते कोण करू देईल? पण अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेआधी झटक्याचं मूळ शोधायला तारा बसवलेल्याच असतात. युवाल नीर आणि इत्झाक फ्रीड यांच्या गटाने अशाच रुग्णांबरोबर काम केलं. त्यांना रात्रभर जागल्यानंतरही चित्रं पटापट ओळखायची होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं की उत्तर द्यायला जेव्हा उशीर व्हायचा, तेव्हा चित्राला प्रतिसाद देणाऱ्या पेशीच उशिरा आणि क्षीणपणे पेटायच्या, आणि त्याच जागी झोपेसारख्या संथ लहरी उमटायच्या. बोट हळू नव्हतं. दिसणंच उशिरा पोहोचत होतं.

आता हे रस्त्यावर नेऊन बघा. समृद्धी महामार्गावर सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. चार सेकंदांचा क्षण निसटला तर १३० मीटरहून जास्त अंतर कुणीही न चालवता पार झालं. ड्रायव्हरचे डोळे या सगळ्यात उघडे असू शकतात. १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी दाखवलं की सलग १७ तास जागं राहिलेल्याची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्याइतकी घसरते. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठून दिवसभर लग्नात राबून रात्री दहाला 'निघू या, सकाळपर्यंत पोहोचू' म्हणणारा माणूस या हिशेबाने थेंबही न घेता मर्यादेबाहेर असतो. त्याला पकडायला मात्र फुंकायचं यंत्र नाही. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं याने दहा-पंधरा मिनिटांचं समाधान मिळतं. खरा उपयोग होतो तो सुरक्षित जागी थांबून कॉफी पिण्याचा आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटण्याचा. कॉफी चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

'सवय झालीय' म्हणणारे

पाच-सहा तास झोपून मजेत असतो, असं अभिमानाने सांगणारे आपल्या ओळखीत असतात. त्यांच्यासाठी २००३ मधला एक प्रयोग. हान्स व्हॅन डोंगेन, डिंजेस आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांचे गट केले. कुणाला रात्री आठ तास, कुणाला सहा, कुणाला चार, असं सलग चौदा दिवस. रोज बटणाची चाचणी. सहा तासवाल्यांचे निसटलेले क्षण दिवसागणिक वाढत गेले आणि दोन आठवड्यांअखेर पूर्ण रात्र जागलेल्यांच्या पंगतीला जाऊन बसले. पण त्यांना 'किती झोप येतेय' असं विचारलं तर पहिल्या काही दिवसांत ते उत्तर चढलं आणि मग जवळपास तिथेच राहिलं. चुका वाढत होत्या, झोप आल्याची भावना थांबली होती.

म्हणजे सवय होते, पण ती भावनेला होते. लक्षाला होत नाही. मामांचे सहा आणि मामीचे सतरा यांतला फरक मला इथे उलगडला.

विचारांतलं नेमकं काय बिघडतं, याचीही एक गंमत आहे. छोटं, मजेदार, तर्काचं कोडं दिलं तर झोपाळलेला माणूस जोर लावून ते बऱ्यापैकी सोडवतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पेपर 'चांगला गेला' असं वाटू शकतं. बिघडतं ते सलग लक्ष, नुकतंच ऐकलेलं ध्यानात ठेवणं, आणि डाव बदलला की आपली चाल बदलणं. ब्रिटिश संशोधक जिम हॉर्न यांनी एका व्यापारी खेळात हे तपासलं होतं. न झोपलेले लोक नवी माहिती समोर येऊनही जुन्याच चालीला चिकटून राहत. मेंदूचा पुढचा भाग, जो 'थांब, आता वेगळं करू' म्हणतो, तो झोपेच्या अभावाला विशेष हळवा असतो. चिडचिड वाढते तीही याच भागाचा लगाम सुटल्यामुळे. लहान मुलांत तर गोष्ट उलटीच दिसते. ती पेंगत नाहीत, चळवळी होतात, आणि आपण त्यांना मस्तीखोर म्हणून ओरडतो.

ज्यांना सतत झोप येते त्यांच्यावर आणखी एक ओझं असतं. त्यांचं अर्धं लक्ष जागं राहण्यातच खर्च होतं. उरलेल्या अर्ध्यात मीटिंग, हिशेब, भाजीचा भाव.

कारणं पुष्कळ आहेत, मी सगळी मोजत बसत नाही. सगळ्यात सामान्य कारण म्हणजे मुळात कमी झोपणं. रात्रपाळी, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं. सर्दीच्या गोळीने झोप येते कारण हिस्टामिन नाकात शिंका आणतं तसं मेंदूत जागंही ठेवतं, आणि जुन्या गोळ्या दोन्हीकडचं हिस्टामिन अडवतात.

मामांचं कारण त्यांच्या घोरण्यात होतं. घरात त्यावर वर्षानुवर्षं विनोद झाले. रात्री तारा लावून झोपेची तपासणी केली तेव्हा कळलं की घसा मिटून श्वास तासाला तिसाहून जास्त वेळा अडतोय, म्हणजे तीव्र प्रकार. दर वेळी रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून दोन-चार सेकंद जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा झोप. यातलं सकाळी काहीही आठवत नाही. मामा आठ तास अंथरुणात असायचे, झोप मात्र तुकड्यातुकड्यांची. उपाय म्हणून नाकावर मास्क आणि हवेचा सौम्य दाब देणारं यंत्र, जे सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणलं. त्याने दिवसाची झोप बऱ्याच जणांची उतरते. विसरभोळेपणा काहींचा भरून येतो, काहींचा थोडा मागे राहतो.

याच संदर्भात अल्झायमरची भीती हल्ली फार पसरवली जाते. मेयो क्लिनिकच्या २०१८ मधल्या अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या, स्मृतिभ्रंश नसलेल्या २८३ जणांपैकी ज्यांना दिवसा जास्त झोप यायची त्यांच्या मेंदूत अमायलॉइड हे प्रथिन पुढच्या काळात अधिक साठलेलं दिसलं. पण झोपेमुळे ते साठलं की मुळात सुरू झालेल्या बिघाडामुळे झोप येत होती, हे एवढ्यावरून ठरत नाही. कुणी व्हॉट्सॲपवर 'डुलकी म्हणजे स्मृतिभ्रंश' असं पाठवलं तर सरळ खोडून टाका.

मामांनी मास्कवर पहिला महिना कटकट केली. 'हत्तीची सोंड' म्हणायचे. मग गप्प झाले. यंदा गणपतीत पुन्हा डाव मांडला. मामा पूर्वीइतके तेज नव्हते, दोनदा चुकले, पण चुकले हे त्यांचं त्यांनाच लगेच कळलं आणि कपाळावर हात मारून घेतला. जेवणानंतर मी तो जुना आठ प्रसंगांचा कागद काढला आणि विचारलं, आता नाही, तेव्हाचे किती गुण द्याल? मामांनी चष्मा लावला, सहाचा आकडा बराच वेळ बघितला, मग त्यावर काट मारून शेजारी अठरा लिहिलं. मामीपेक्षा एक जास्त.